कातरलेली पट्टी

अण्णांची पहिली नोकरी कंपाउंडरची. तालुक्याच्या गावी एका एल.सी.पी.एस. डॉक्टरांचा दवाखाना होता. आत डॉक्टर नाडी बघायचे आणि बाहेर लाकडी खिडकीमागे अण्णा मिक्श्चर बनवायचे. खोकल्याचं तपकिरी, पोटाचं पांढरं, आणि उरलेल्या सगळ्या दुखण्यांचं लाल. बाटली पेशंटनं घरून आणायची. ती आधी कशाची होती हे बूच उघडल्याबरोबर वासावरून कळायचं, असं अण्णा आजही हसत सांगतात. बाटली गरम पाण्यानं खंगाळायची, औषध भरायचं, आणि मग त्यांच्या आवडीचं काम. कोऱ्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी उभी दुमडायची, कडेला कात्रीनं सारख्या अंतरावर तिरक्या खाचा मारायच्या, उलगडून खळीनं बाटलीला चिकटवायची. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. सकाळी एक खाच, रात्री एक खाच. अंगठेबहाद्दर माणसालाही ते वाचता यायचं, आणि कंदिलाच्या उजेडात बोट फिरवून सुद्धा कळायचं.

पुढे नोकरी करता करता त्यांनी डी.फार्म. केलं आणि १९८१ साली खटाव तालुक्यात, एस.टी. स्टँडच्या समोरच्या गाळ्यात स्वतःचं मेडिकल टाकलं. आता ते दुकान वहिनी चालवते. ती बी.फार्म. आहे, दादा झेडपीच्या शाळेवर. अण्णा शहात्तरीचे झालेत, तरी सकाळी अकरा ते एक गल्ल्याच्या शेजारच्या स्टुलावर त्यांची हजेरी असते. औषधाला हात लावायचा नाही असं वहिनीनं बजावलंय. त्यामुळे ते गिऱ्हाइकांशी बोलतात, आणि एवढ्यावर त्यांचं बरं चाललंय.

या दिवाळीत मी गेले तेव्हा दुकानात एक्सपायरी काढायचं काम चालू होतं. सहा महिन्यांच्या आत तारीख संपणारा माल रॅकमधून काढून वेगळा करायचा, स्टॉकिस्टला परत पाठवायचा आणि त्याची क्रेडिट नोट कधी येते याची वाट बघायची. हे काम मी लहानपणापासून करत आलेय. तेव्हा अण्णा वही घेऊन बसायचे आणि मी स्ट्रिप डोळ्यांजवळ नेऊन चंदेरी फॉइलवर ठोकलेले आकडे तिरक्या उजेडात वाचायचे. या वेळी वहिनीनं स्कॅनर हातात दिला. काही खोक्यांवर चौकोनी ठिपक्यांची जाळी होती. ट्रिगर दाबला की टूं वाजायचं आणि बॅच नंबर, तारीख थेट कॉम्प्युटरमध्ये. बाकीच्यांना मात्र अजून तिरका उजेडच.

उत्सुकता म्हणून मी फोन काढला आणि तापाच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. केंद्र सरकारनं १७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचना काढून औषध नियमांत शेड्यूल एच-टू अशी नवी यादी घातली. त्यात जास्तीत जास्त खपणारे ३०० ब्रँड आहेत, कॅल्पॉल, डोलो, अ‍ॅलेग्रा यांच्यासारखे घराघरातले. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या त्यांच्या मालावर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. स्ट्रिपवर जागा नसेल तर बाहेरच्या खोक्यावर चालेल. कोडमध्ये काय असावं तेही ठरलेलं: उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच, बनवल्याची तारीख, संपण्याची तारीख, उत्पादन परवान्याचा नंबर.

फोनवर हे सगळं आलं. इंग्रजीत, बारीक अक्षरात. शेजारी बसलेल्या अण्णांना वाचून दाखवलं.

"परवान्याचा नंबर कुणी विचारला?" ते म्हणाले.

मग मी त्याच खोक्यातली दुसरी स्ट्रिप स्कॅन केली. तंतोतंत तेच उत्तर. तिसरी, तेच. म्हणजे माझ्या हातातल्या स्ट्रिपपुरतं तरी तो कोड बॅचचा होता, त्या एका स्ट्रिपचा नव्हता. एखाद्यानं तोच कोड हजार बनावट स्ट्रिपांवर छापला, तर माझा फोन हजार वेळा तितक्याच भाबडेपणानं 'खरंय' म्हणेल. आधार कार्डाची झेरॉक्स दाखवून कुणीही आत यावं तसं.

युरोपात यावर तोड काढलीय. तिथं ९ फेब्रुवारी २०१९ पासून चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला स्वतःचा वेगळा नंबर असतो. खोकं कारखान्यातून निघताना तो नंबर सामायिक यंत्रणेत नोंदला जातो, आणि फार्मसीत पेशंटच्या हातात देताना स्कॅन करून कायमचा रद्द होतो. पुन्हा तोच नंबर कुठं स्कॅन झाला की धोक्याची घंटा. सिनेमाचं तिकीट दारावर फाडतात तशी गत. खोकं आधी उघडलेलं नाही हे दिसावं म्हणून त्यावर सीलही लागतं. हे सगळं वाचून मी भारावले होते. वहिनीला सांगितलं तर ती स्ट्रिप कापता कापता म्हणाली, "ताई, तिथं खोकंच्या खोकं देतात. आपल्याकडं कात्री आहे."

या कात्रीबद्दल सांगायलाच हवं. आमच्या दुकानात अख्खं खोकं कोण घेतं? अख्खी स्ट्रिप घेणारा सुद्धा बऱ्यापैकी गिऱ्हाईक. डॉक्टरांनी पाच दिवस दोन वेळा लिहिलेलं असतं, माणूस म्हणतो, "आत्ता चार द्या, गुण आला तर येतो." रोजंदारीवरच्या माणसाचं गणित असंच असतं, त्यात वाद घालायचा नसतो. (अँटिबायोटिक असेल तर घालायचा असतो. वहिनी घालते, आणि निम्म्या वेळा हरते.) मग कात्री चालते. दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या गिऱ्हाइकाकडं, सहा ड्रॉवरमध्ये. तारीख आणि बॅच एका टोकाला ठोकलेले असतात. अण्णांचा नियम: कापायचं नेहमी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे दुकानात राहिलेल्या तुकड्याला तारीख राहते. नियम दुकानासाठी चोख आहे. पण गिऱ्हाइकाच्या हातात गेला तो तुकडा बिननावाचा. मागच्या फॉइलवर अर्धवट कापलेलं ब्रँडचं नाव, बाकी कोरा.

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं १९९४ मध्ये काढला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. त्याची खुबी अशी की नीट बनवलेला असेल तर तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचता येतो. ग्रीस लागो, ओरखडा उमटो, काम चालतं. कात्रीचा हिशेब मात्र त्या इंजिनिअरांनी धरलेला नसावा. मी ड्रॉवरमधून मधोमध कोड कापला गेलेला एक तुकडा उचलून स्कॅन करून पाहिला. फोन बराच वेळ चौकट हलवत शोधत राहिला.

कायद्यात यावर इलाज आहे तो बिलाचा. बिलावर औषधाचं नाव, बॅच, कंपनी, सगळं यायला हवं, आणि वहिनीच्या प्रिंटरमधून येतंही. पण "बिल नको, पिशवी द्या" हे वाक्य मी त्या दिवाळीत इतक्या वेळा ऐकलं की मोजणं सोडून दिलं.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट कशासाठी? आमच्या घरात याचं उत्तर १९८६ या आकड्यात आहे. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात त्या वर्षाच्या सुरुवातीला १४ पेशंट दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. हे कारखान्यांत वापरायचं रसायन आहे; चवीला गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखंच, आणि पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पाडणारं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि खरेदीपासून तपासणीपर्यंत सगळ्या साखळीची लक्तरं वेशीवर टांगली गेली. अण्णांचं दुकान तेव्हा पाच वर्षांचं. पेपरात बातमी आली त्या दिवशी त्यांनी रॅकवरच्या ग्लिसरीनच्या सगळ्या बाटल्या खाली काढून टेबलावर ओळीत मांडल्या. आई सांगते, तासभर नुसते बघत बसले होते. लेबलं ठीक होती. नाव होतं, बॅच होती, तारीख होती. "बाटली आतून काय म्हणते ते मला कसं कळणार होतं?" अण्णा म्हणाले. सगळ्या परत पाठवल्या.

एवढ्या वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेच रसायन खोकल्याच्या सिरपमधून मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या लहान मुलांच्या पोटात गेलं. किती तरी लेकरं उपचारांसाठी नागपुरात आणली होती, त्यामुळे ती बातमी आमच्याकडं परक्या राज्याची म्हणून आलीच नाही. कंपनी खरी, परवाना खरा, लेबल खरं. स्कॅन केलं असतं तर फोननं 'खरंय' म्हटलं असतं आणि ते खोटंही नसतं.

पण त्याच आठवड्यात तंत्राचा उपयोगही बघितला. बॅच नंबरसकट इशारा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या केमिस्टांच्या ग्रुपवर रात्री आला. वहिनीनं कॉम्प्युटरवर ब्रँडचं नाव टाकलं आणि मिनिटाभरात कळलं की ते सिरप आपण कधी घेतलेलंच नाही. तालुक्यातले वहीवाले दुकानदार सकाळपर्यंत रॅक उपसत होते. विष बाटलीत शिरताना कोड काही करत नाही. शिरलेलं विष शोधायची वेळ आली की मात्र एक रात्र वाचते, आणि त्या एका रात्रीत एखादं पोर दोन चमचे पिऊ शकतं. म्हणून कोडच नको असं मी म्हणणार नाही.

माझा राग वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि त्याची सुरुवात गेल्या मे महिन्यातली.

अण्णांना इन्सुलिन चालू आहे. ते चार आठवडे माझ्याकडं पुण्याला आले होते. मी हुशारी करून त्यांच्या इन्सुलिन टोचायच्या पेनच्या कार्ट्रिज एका अ‍ॅपवरून मागवल्या. ऑर्डर दिल्यापासून फोनवर नुसती जत्रा. पॅक झालं, निघालं, केंद्रावर पोचलं, नकाशावर छोटा स्कूटरवाला सरकतोय, 'तुमच्या आधी ३ थांबे'. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून त्या स्कूटरकडं बघत होते. पार्सल दुपारी दीडला सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये पोचलं. पत्र्याची केबिन, पश्चिमेकडं तोंड. अण्णा झोपले होते, बेल कुणी वाजवली नाही. मी सहा वाजता आले तेव्हा खोक्यातली जेलची पिशवी कोमट झाली होती. हाताला लागली तेव्हा ताप आलेल्या पोराचं कपाळ चाचपतोय असं वाटलं.

इन्सुलिन न उघडलेलं असेल तर २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरायला काढलं की बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, पण तेही फार उष्मा नसेल तर. अण्णांनी एक कार्ट्रिज खिडकीपाशी धरली, उभी-आडवी करून बघितली. स्वच्छ, पाण्यासारखी.

"चांगलं असेल," मी म्हणाले.

"असेलही. पण उद्या साखर वाढली तर मी दोष आजाराला देऊ, तुझ्या आंब्याला देऊ, का या खोक्याला?"

खोकं टाकून दिलं. कस्टमर केअरशी बोलले, तर तिकडच्या मुलीनं अतिशय गोड आवाजात सांगितलं की सिस्टिममध्ये पार्सल वेळेत पोचल्याचं दिसतंय. खरंच होतं ते. मिनिटामिनिटाचा माग होता. ते कुठं कुठं फिरलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. फिरताना त्यानं काय सोसलं याची नोंद कुठंच नव्हती.

आणि गंमत म्हणजे अशी नोंद ठेवणारं लेबल माझ्या चुलत आत्यानं मला पंचवीसेक वर्षांपूर्वी दाखवलेलं. आत्या उपकेंद्रात नर्स होती, गावात तिला सिस्टर म्हणत. पल्स पोलिओच्या रविवारी पांढरा-निळा व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून ती वाड्यावस्त्यांवर जायची. आत चार आईसपॅक, मधे डोसांच्या चिमुकल्या बाटल्या. एका रविवारी सुट्टी म्हणून मीही मागं लागले. नंतरच्या काही वर्षांत त्या बाटल्यांवर एक जांभळट गोल आला, आत फिकट चौकोन. आत्या प्रत्येक बाटली उघडायच्या आधी तो चौकोन उजेडात धरायची. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. गोलापेक्षा फिका आहे तोवर द्यायची. गोलाच्या रंगाचा झाला, की बाटली बाद. मग तारखेला अजून वर्ष असलं तरी बाद.

त्याचं नाव व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. १९९६ मध्ये ते पहिल्यांदा तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर लागलं, कारण ती लस उष्णतेला सगळ्यांत नाजूक. ३७ अंशांत दोन दिवस राहिली तर चौकोनाची हद्द संपते. इतर लसींसाठी सात, चौदा, तीस दिवसांचे प्रकार आहेत. चौकोनातलं रसायन ऊब लागेल तसं हळूहळू जुळत जातं आणि रंग धरतं. ते मागं फिरत नाही. बाटली पुन्हा बर्फात ठेवली म्हणून चौकोन फिका होत नाही, रंग चढायचा वेग तेवढा मंदावतो. एस.टी.च्या टपावर गेलेली दुपार, वीज नसलेली रात्र, दार नीट न लागलेला फ्रीज, सगळं त्यात साठत जातं. बॅटरी नको, इंटरनेट नको, इंग्रजी नको. (गोठण्याचं मात्र त्याला कळत नाही. काही लसी आणि इन्सुलिन गोठूनही वाया जातं, आणि चौकोन फिकाच राहतो. सर्वगुणसंपन्न असं काही नसतंच.) भारतातला पोलिओच्या रानटी, म्हणजे निसर्गात फिरणाऱ्या, विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. त्या यशात लाखो आत्यांचे पाय आहेत, आणि थोडा वाटा या चौकोनाचाही असावा.

पेनच्या कार्ट्रिजवर, आमच्या दुकानात आलेल्या तरी, मी तो चौकोन कधी पाहिला नाही. सरकारी लशीच्या बाटलीला जी आठवण असते ती पदरचे पैसे मोजून घेतलेल्या इन्सुलिनला नाही, याचं मला अजून नीट उत्तर मिळालेलं नाही. वहिनी फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवते, दिवसातून दोनदा आकडा लिहिते, लोडशेडिंगच्या वेळी दार उघडू देत नाही. तिच्या दारापर्यंत तिची जबाबदारी. पुढं वाडीवर फ्रीज नसलेल्या पेशंटला अण्णा माठ सांगायचे: प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, सावलीतल्या ओल्या माठात. आता तेच वहिनी सांगते.

लेबल आणखी किती शहाणं होऊ शकतं याची एक गोष्ट दादाला फार आवडते. अमेरिकेत नोव्हेंबर २०१७ मध्ये एका मानसिक आजारावरच्या गोळीला मान्यता मिळाली. तिच्यात वाळूच्या कणाएवढा सेन्सर बसवलेला. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तो संकेत देतो, अंगावर चिकटवलेली पट्टी तो टिपते आणि फोनला कळवते: गोळी घेतली. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीनं २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आमच्या घरात हे काम आई फुकट करते. अण्णांच्या स्ट्रिपची रिकामी घरं मोजते, वार जुळवते, आणि एक घर जास्त भरलेलं सापडलं की काही न बोलता स्ट्रिप ताटाशेजारी ठेवते. अण्णा त्या स्ट्रिपकडं पोलिसाकडं बघावं तसं बघतात.

भाऊबीजेच्या दिवशी दुकान दुपारपर्यंतच उघडं होतं. बाराच्या सुमारास एक म्हातारी आली. नऊवारीच्या ओच्यात गुंडाळलेली चिठ्ठी, सोबत दहा-बारा वर्षांचा नातू. रक्तदाबाच्या गोळ्या, आणि गुडघ्यासाठी आणखी एक. गुडघ्याच्या फक्त सहा द्या म्हणाली. वहिनीनं कात्री घेतली. नातवानं स्ट्रिपवरचा कोड बघून लगेच फोन काढला, "आजी, थांब, स्कॅन करतो." त्यानं केला. स्क्रीनवरचं पहिलं मोठं नाव वाचताना अडखळला, मग परवान्याचा नंबर आकडा आकडा करून वाचला. सगळा वाचला.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग वहिनीकडं वळून म्हणाली, "बाई, ह्या जेवायच्या आदी का मागनं? आन किती डाव?"

"जेवल्यावर, आजी. ही दोनदा, ही सकाळी एकदाच."

बोलता बोलता वहिनीनं गुडघ्याच्या गोळ्यांचा तुकडा उचलला, गोळ्यांना धक्का न लावता कडेच्या फॉइलला कात्रीनं दोन खाचा मारल्या. रक्तदाबाच्या स्ट्रिपला एक. म्हातारीनं दोन्ही हातात घेतल्या, अंगठ्यानं कडा चाचपली आणि ओच्यात टाकल्या.

मी वहिनीकडं बघितलं. हे तिनं कॉलेजात शिकलेलं नसणार. स्टुलावर अण्णा पेपर वाचत होते, किंवा वाचल्यासारखं करत होते.